पायऱ्यांवरचा कावळा

रुक्माबाई उठल्या की पहिल्यांदा मागच्या अंगणातल्या सिमेंटच्या टाकीचं झाकण सरकवून पाणी किती आहे ते पाहत. आदिलाबादजवळच्या बोथच्या त्या वस्तीत नळ एक दिवसाआड येई, आणि दिवसाची कामं त्या एका नजरेवर ठरत: धुणं आज की उद्या, अंगणात सडा की नुसता शिपका. त्या रविवारी टाकी अर्ध्याच्या वर होती. त्यांनी सडा टाकला, गॅसवर चहाचं भांडं चढवलं आणि परातीत ज्वारीचं पीठ घेतलं. पुढच्या खोलीत रामाजी गुरुजी दाढी उरकून, हातात धुतलेलं फडकं घेऊन भिंतीवरच्या दोन तसबिरींसमोर उभे होते. एक बुद्धांची, एक बाबासाहेबांची. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातली बरीच कामं सोडून दिली होती. हे एक मात्र ते कुणाला करू देत नसत. आधी काच, मग चौकटीच्या कडा, शेवटी फडकं झटकून खिडकीच्या गजावर वाळत घालणं.

त्यांची मुलगी अर्पिता टाकीला पाठ लावून, मोबाइल तोंडाजवळ धरून बोलत होती. शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी सुरू होण्याआधी तिथं आवाज स्वच्छ रेकॉर्ड होई.

"मंडळी, जयभीम, नमस्कार. या खेपेचा सिनेमा शुक्रवारी नाई, आज संध्याकाळी हाये, अन विहाराच्या हॉलमध्ये समद्यांसंगं हाये. जपानचा. कार्टून हाये म्हनून लहान लेकरं आनू नका. यात एक घर हाये, त्याच्या जिन्याले रोज सकाळी एक पायरी जास्त होते. काऊन होते ते सिनेमा सांगत नाई, मलेबी इचारू नका. त्या जिन्यावर एक आई ताटात भात घेऊन चढून राह्यली, अन वरती एक कावळा बसला हाये. ज्याले शेवटी समदं जुळून आलेलं पाह्यजे, त्यानं घरी सिरियल पाहावी. अन ज्याच्या घरचं कोनी गेलं असन, त्यानं येण्याआधी मले फोन करावा."

तो शेवटचा इशारा ती प्रत्येक शिफारशीत देई. एखादा सिनेमा कुणी पाहावा हे सांगणं सोपं असतं. कुणी पाहू नये हे सांगितल्याशिवाय शिफारस पुरी होत नाही, असं ती मानत असे. हैदराबादला बी.एड. करताना वसतिगृहातल्या एका मुलीच्या लॅपटॉपवर तिनं पहिल्यांदा असली जपानी चित्रं पाहिली होती. ज्यांत सावल्या माणसांना सोडून शाळेत जातात, ज्यांत पाऊस खालून वर पडतो, ज्यांत तासभर कुणी एक शब्द बोलत नाही आणि तरी पाहणाऱ्याला उठवत नाही. मराठी शाळेत नोकरी लागून ती बोथला परत आली, तेव्हा असलं काही पाहायला सोबत हवी म्हणून तिनं व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला. नाव ठेवलं 'शुक्रवारची खोली'. खोली म्हणजे विहाराचा हॉल. दर शुक्रवारी त्याची किल्ली तिच्याकडे असे, विहाराचा प्रोजेक्टर तीच चालवी, आणि मेडिकलच्या दुकानातली अश्विनी, मोबाइल दुरुस्त करणारा प्रज्वल, शाळेत दुपारचं जेवण रांधणाऱ्या गयाबाई असे काही लोक सतरंजीवर बसून ते विचित्र सिनेमे पाहत आणि नंतर रस्त्यापर्यंत भांडत जात. एवढ्या भागात असं एकत्र बसून पाहण्याची दुसरी जागा नव्हती.

आजची गोष्ट वेगळी होती. वर्षावासाची समाप्ती होती. तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन झालं होतं, आज पौर्णिमेला त्याची सांगता, सामूहिक वंदना, खीर आणि त्यानंतर 'तरुण पोरं यावीत म्हणून' एक सिनेमा. समितीनं तो निवडायला गुरुजींना सांगितलं, कारण ते सचिव होते. गुरुजींनी मुलीला सांगितलं.

"जपानचा आहे ना?" त्यांनी एवढंच विचारलं होतं.

"जपानचा आहे बाबा. एका आईच्या दुःखाचा. पण जरा वेगळा आहे."

गुरुजींनी समाधानानं मान हलवली होती. जपान म्हणजे बुद्धाचा देश, आणि आईचं दुःख म्हणजे मेलेल्या लेकराला घेऊन दारोदार फिरलेल्या त्या माउलीची जुनी बौद्ध कथा, असा त्यांनी मनाशी हिशेब लावला होता. अर्पिताच्या ते लक्षात आलं होतं. तिनं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मोठा पडदा, भरलेला हॉल, आणि ज्यांनी असलं काही आयुष्यात पाहिलं नाही अशी एवढी माणसं. तो मोह तिला आवरला नव्हता.

चहा घेताना अश्विनीनं पाठवलेला फोटो आला. विहाराच्या फाटकावर लावलेल्या नव्या फ्लेक्सचा. त्यावर निळ्या अक्षरांत होतं: 'वर्षावास समाप्तीनिमित्त जपानी बौद्ध चित्रपट'. खाली अश्विनीनं लिहिलं होतं, 'हे कधी झालं वं? मले तर तू पायऱ्यांचं सांगितलं होतं.'

अर्पिताला हसू आलं. तिनं फोन आईपुढे धरला.

"मंग नाई हाये का बुद्धाचा?" रुक्माबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं.

"नाई ना आई. एक बाई हाये. तिचा पोरगा बर्फात पडून मेला. मंग तिच्या घराचा जिना वाढत जाते. ती रोज त्याचं ताट घेऊन चढते, रोज एक पायरी उरते. शेवटी वरती पोचते तर तिथं कावळा असते. तो भात खाते. अन तो खाऊन राह्यला तेव्हा आभाळ कागदासारखं फाटते, अन मागून त्या पोरानं पेन्सिलनं काढलेल्या रेघा दिसतात. आवाज बंद. काईच आवाज नाई."

रुक्माबाईंचा हात भाकरीवर थांबला. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा कुठे त्यांनी ती उलटली.

"विहारात दाखवनार हाये हे? कावळा भात खाते हे?"

"हो. काऊन?"

"गयाबाई येऊन राह्यली ना आज? खीर तिच्याकडंच हाये." रुक्माबाईंनी पुढच्या खोलीकडे पाहून आवाज खाली आणला. "तू तवा हैदराबादले होती. तिचा पोरगा हर्षदीप गेला ना, नेरडीगोंड्याजवळ, गाडीवरून पडून. दहाव्या दिवशी तिनं भिंतीवर दहीभात ठेवला. कावळ्याले. कोनी तरी पाह्यलं अन समितीत सांगितलं. तुझ्या बाबानं तिले विहारात उभं केलं. समद्यांसमोर हात जोडून चुकलं म्हनाय लावलं."

"बाबांनी?"

"मंग काय मी? तिनं म्हटलं बी. एक शब्द उलटा नाई बोलली. आजवर त्या गोष्टीचं नाव नाई घेतलं तिनं."

अर्पितानं कप खाली ठेवला. दर शुक्रवारी गयाबाई तिच्या शेजारी बसत. या खेपेच्या सिनेमाबद्दल विचारलं तेव्हा तिनं हसत 'तुमाले आवडन' असं सांगितलं होतं. आणि इशारा तिनं सगळ्या ग्रुपला दिला होता. गयाबाईंना वेगळा द्यावा हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

*

सुधाकरराव दुपारी आले. ते विहार समितीचे अध्यक्ष. आयुष्य महसूल कचेरीत गेलेलं, त्यामुळे घरी चहा मागतानाही दरख्वास्त दिल्यासारखं बोलत. चप्पल काढता काढताच त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि सकाळचा अर्पिताचाच आवाज खोलीभर लावला. कावळ्याच्या वाक्यावर त्यांनी तो बंद केला.

"गुरुजी, हे ऐकलं तुमी?"

गुरुजींनी ऐकलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते स्पष्ट दिसलं.

"प्रज्वलनं मले पाठवलं, त्याले वाटलं जाहिरात हाये, समद्यांले पाठवावी. मी म्हटलं, बाप्पा! पाहुने कोन कोन येऊन राह्यले? भैंशाचे, आदिलाबादचे. अन आपन काय दाखवनार? कावळा अन भात! उद्या लोक म्हनतीन, बोथच्या विहारात पिंडदान झालं. पडद्यावर झालं म्हनून काय झालं?"

"काका, ते पिंडदान नाही," अर्पिता दारातून म्हणाली. "जपानमधे तसला विधीही नाही. ते एका बाईच्या मनात..."

"तुझ्या मनात काय हाये ते तुले माईत, जपानच्या मनात काय हाये ते जपानले माईत. पाहनाऱ्याच्या मनात काय येईन, त्याची जिम्मेदारी कोनाची? माझी! अध्यक्ष कोन हाये?"

"तुमीच," रुक्माबाई आतून म्हणाल्या. "सात-बारा आनून दाखवू का?"

सुधाकररावांनाही हसू फुटलं, पण ते टिकलं नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"पोरी, मी काई तुझा दुश्मन नाई. हॉल तुले कोनी दिला? मी दिला. समितीत चार जनांनी तकरार केली होती, भुताखेताचे सिनेमे दाखवते म्हनून. मी म्हटलं, शिकलेली पोरगी हाये, पाहू द्या. आता माझं ऐक. तो तुकडा काढून टाक. मंग सिनेमा लाव. अन इथून पुढं जे काई दाखवशीन, ते आधी समिती पाहीन, मंग मंजूर. हे मान्य असन तर किल्ली ठेव तुझ्याकडं. नसन तर संध्याकाळी माझ्या हातात दे. तकरार नाई, झगडा नाई. दस्तूर म्हनजे दस्तूर."

ते गेले.  गुरुजी खिडकीच्या गजावरच्या त्या फडक्याकडे पाहत होते.

"केवढा आहे तो भाग?" त्यांनी विचारलं.

"चहा उकळेल एवढा."

"मग काढून टाक."

"बाबा, तो काढला तर बाकीचा सिनेमा म्हणजे नुसता जिना आहे."

"नुसता जिना पाहतील लोक." त्यांचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नसे. "तुला वाटतं आम्ही कावळ्याला घाबरतो. माझे वडील वारले तेव्हा गावातले भाऊबंद दारात येऊन बसले होते. पिंड ठेवा, नाही तर मढ्याला खांदा देणार नाही म्हणाले. मी ठेवला नाही. आम्ही बाहेरून माणसं आणली, तुझ्या आईच्या माहेरहून. माझ्या सख्ख्या भावानं त्या दिवशी जे तोंड फिरवलं, ते मरेपर्यंत फिरवलेलंच होतं. एवढं देऊन आम्ही ते सोडलं, बेटा. ते पडद्यावर सुंदर दिसतं म्हणून परत आत घ्यायचं?"

 अर्पिताला ते खरं वाटत होतं. आणि त्याच वेळी तिला गयाबाईंचे जोडलेले हात दिसत होते, जे तिनं प्रत्यक्ष कधी पाहिलेही नव्हते.

"गयाबाईंना तुम्ही..." तिनं सुरुवात केली.

गुरुजी उठले आणि वाळलेलं फडकं उगाचच परत झटकू लागले. "संध्याकाळी वंदना साडेसहाला आहे," ते पाठमोरे म्हणाले.

तिनं खोलीत जाऊन लॅपटॉप उघडला. कापायला काहीच लागत नव्हतं. एक खूण इथे, एक तिथे, मधला भाग निवडून एक बटण. तिनं दोन्ही खुणा केल्या. बाई शेवटच्या पायरीवर पाय ठेवते, आणि लगेच सकाळ होते, खालचं स्वयंपाकघर, रिकामं ताट. पाहणाऱ्याला काही कळलंही नसतं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, शुक्रवारची खोली शाबूत राहिली असती. आणि मग पुढच्या प्रत्येक शुक्रवारी कुणी तरी असंच एक बटण दाबलं असतं. तिचं बोट बटणावर राहिलं, पण तिनं ते दाबलं नाही, आणि खुणाही पुसल्या नाहीत. लॅपटॉप तसाच मिटून ती गयाबाईंकडे निघाली.

*

गयाबाई ओट्यावर सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत होत्या. बाजूला दुधाचे दोन मोठे डबे झाकून ठेवलेले. दसऱ्याला मारलेल्या चुन्यानं घराची बाहेरची भिंत अजून लख्ख दिसत होती.

"ये वं मॅडम. आज सुट्टीच्या दिवशी माझ्या खिचडीची आठवन आली का?"

"खिचडीची नाई, तुमची आली."

"अशी गोड बोलली का समजावं, काम हाये." त्यांनी सूप सरकवून तिला जागा केली.

अर्पिता बसली. काय म्हणायचं ते तिनं वाटेत ठरवलं होतं आणि इथे येताच ते सगळं निरुपयोगी झालं. म्हणून तिनं तेच केलं जे तिला येत होतं. सिनेमा सांगितला. पहिल्यापासून, काही न लपवता. बर्फ, मुलगा, जिना. रोजची एक जास्तीची पायरी. बाईचा श्वास लागतो तो. ताट निवतं आणि ती परत खाली येऊन गरम भात वाढते ते. गयाबाईंची बोटं तांदळातून फिरत होती. कावळा आला तेव्हा ती फिरायची थांबली.

"खाते का तो?" त्यांनी विचारलं.

"कावळा? खाते."

"समदा?"

"समदा. ताट रिकामं होते."

गयाबाईंनी एक खडा वेचून अंगणात टाकला. कोंबडीनं धावत येऊन तो पाहिला आणि सोडून दिला.

"तुले सांगितलं वाटते रुक्मानं."

"सकाळीच. मले माईत नव्हतं गयामावशी. नाई तर मी..."

"नाई तर काय? दुसरा सिनेमा आनला असता. हत्तीचा." त्या किंचित हसल्या. मग सुपाकडे पाहत बोलू लागल्या. "मी काई धरमासाठी नव्हता ठेवला भात. मले काय कळत नाई का, आपन ते सोडलं हाये? मी सोताच्या सासूचं नाई केलं. पन रोज रात्री त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची सवय. तो उशिरा ये. दहा दिवस वाढून राह्यली, सकाळी फेकून राह्यली. त्या दिवशी फेकवलं नाई. भिंतीवर ठेवलं. कावळा आला अन खाऊन गेला. झालं. मले एवढंच वाटलं का, चला, कोनी तरी खाल्लं."

"हे तुमी तवा सांगितलं नाई?"

"कोनी इचारलं नाई. गुरुजी म्हनले, म्हना चुकलं. मी म्हटलं, चुकलं. ते वाईट मानूस नाई हायेत, पोरी. त्याइनंच माझ्या हर्षदीपले शाळेत घातलं होतं. पन त्या दिवशी त्याइले नियम दिसून राह्यला होता, अन मले ताट."

अर्पितानं सुधाकररावांची अट सांगितली. कापलेला सिनेमा आणि हॉल, किंवा हॉल गेला. गयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"कापून पाहायचा असन तर मले नोको सांगू," त्या म्हणाल्या. "तेवढ्यासाठी तर ती चढली ना? पन विहारातबी नोको लावू. तिथं मी एकदा उभी राह्यली. आज कावळा दिसला का समद्याइच्या माना माझ्याकडं फिरतीन. पडदा कोनी नाई पाहनार, मलेच पाहतीन. अन जे दुसरे येऊन राह्यले, ते बिचारे बुद्ध पाहायले येऊन राह्यले. त्याइले काऊन फसवायचं?"

"मंग कुठं लावू?"

गयाबाईंनी मानेनं मागच्या भिंतीकडे खूण केली. "चुना नवा हाये."

घरी परतताना अर्पिताला दोन गोष्टी एकाच वेळी उमगल्या. एक म्हणजे तिची चूक सिनेमा निवडण्यात नव्हती. न सांगता तो लोकांपुढे ठेवण्यात होती. जी माणसं अनोळखी वाटेला जायला स्वतःहून तयार नाहीत, त्यांना बोट धरून तिथे नेऊन सोडणं ही शिफारस नव्हे. आणि दुसरं, की आता किल्ली जाणार. कारण कापायचं नाही हे ठरल्यावर पुढचं सगळं आपोआप ठरत होतं.

तिनं अश्विनीला फोन केला.

"तुझ्याकडं त्या लेण्यांची फिल्म होती ना पेन ड्राइव्हमधे? शाळेत दाखवली होती ती?"

"हाये. पन ती तर सरकारी हाये वं, झोप येते."

"तीच घेऊन ये."

"अन पायऱ्या?"

"पायऱ्या गयामावशीच्या भिंतीवर. माझ्या लहान प्रोजेक्टरनं. ज्याले यायचं त्यानं यावं."

 "माझे बाबा म्हनून राह्यले होते, पित्तरपाटाले आमच्याकडं कावळाच नाई आला, दोन तास वाट पाह्यली, शेवटी गाईले घातलं. त्याइले घेऊन येऊ का? म्हनावं, हा पाहा, जपानचा येते."

"आन. पन आधी समदं सांग त्याइले."

*

हॉल भरला होता. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, दाराशी चपलांचा ढीग. वंदना झाली. भैंशाहून आलेले पाहुणे पहिल्या रांगेत खुर्च्यांवर होते. खिरीचं वाटप चालू असताना सुधाकररावांनी माइक घेऊन सांगितलं की आता आपण जपानसारख्या महान बौद्ध राष्ट्राचा एक चित्रपट पाहणार आहोत. मग त्यांनी अर्पिताकडे पाहिलं. त्या पाहण्यात प्रश्न होता. गुरुजी भिंतीशी उभे होते; त्यांच्याही नजरेत तोच प्रश्न होता.

अर्पिता प्रोजेक्टरपाशी उभी होती.  लॅपटॉपमधे दोन्ही खुणा अजून जागेवर होत्या. एक बटण, आणि ही सगळी माणसं, हा हॉल, येणारे सारे शुक्रवार तिचे होते.

तिनं माइक मागितला.

"जयभीम. फ्लेक्सवर जे लिहिलं आहे त्यात माझी चूक आहे," ती म्हणाली. "मी जो सिनेमा निवडला होता तो बुद्धांचा नाही. तो एका आईचा आहे, आणि त्यात असं काही आहे जे इथं, या जागेत, दाखवणं बरोबर होणार नाही. ते मी आधी सांगायला हवं होतं. आज आपण लेण्यांवरची फिल्म पाहू. तो दुसरा सिनेमा कापून दाखवण्याजोगा नाही, म्हणून तो इथं दाखवत नाही. कुणाला काय आहे ते विचारायचं असेल तर मी बाहेर सगळं सांगेन, मग पाहायचं की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं."

कुजबुज झाली. पहिल्या रांगेतले एक पाहुणे शेजाऱ्याकडे झुकून काही बोलले. मागून कुणी तरी म्हणालं, "असं काय हाये त्यात?" आणि काही माना, कारण नसताना, खिरीच्या पातेल्याशी उभ्या गयाबाईंकडे वळल्या. गयाबाई शांतपणे डाव घेऊन पुढच्याची वाटी भरत होत्या.

अर्पितानं लॅपटॉपमधून पेन ड्राइव्हची फिल्म लावली. दिवे मालवले गेले. पडद्यावर डोंगर आला, मग काळ्या दगडातली चौकट. प्रज्वलला तिनं प्रोजेक्टरशी बसवलं आणि फिल्म संपली की लॅपटॉप घरी पोचवायला सांगितलं. मग अंधारातच सुधाकररावांपाशी जाऊन तिनं ओढणीच्या टोकाला बांधलेली किल्ली सोडली आणि त्यांच्या हातात ठेवली.

"अवं, लेण्या लावल्या ना तू," ते हळू आवाजात म्हणाले. "मंग किल्ली काऊन? मी कुठं मागितली?"

"अट होती ना काका. आधी समितीनं पाहायचं."

"ती तर आपली... कागदावर असते तशी अट."

"मले ती नाई जमनार."

सुधाकररावांनी किल्ली हातात उलटसुलट केली. "जिद्दी हायेस," ते म्हणाले, आणि ती परत देण्यासाठी त्यांचा हात जरासा पुढे आला. पण शेजारचे पाहुणे पाहत होते, तो तिथेच थांबला. अर्पितानं वाकून जयभीम केला आणि ती बाहेर पडली. गुरुजींच्या समोरून जाताना तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

गयाबाईंच्या अंगणात अश्विनी तिच्या वडिलांना घेऊन आली होती. पांडुरंगराव बाजेवर बसून, पायऱ्या नक्की किती आहेत याची चौकशी करत होते. आणखी काही जण आले, बाहेर फाटकाशी अर्पिताकडून सगळं ऐकून. ऐकून दोन बाया परतही गेल्या, आणि तिनं त्यांना थांबवलं नाही. न कापलेला सिनेमा असलेला दुसरा पेन ड्राइव्ह लावून लहान प्रोजेक्टर तिनं उलट्या घातलेल्या घमेल्यावर ठेवला. चुन्याच्या भिंतीवर चादरीएवढा उजेड पडला. गयाबाई खिरीचं रिकामं पातेलं ठेवून, पदराला हात पुसत पुढे येऊन बसल्या.

सिनेमा सुरू होऊन तिसरी-चौथी पायरी वाढली तेव्हा फाटक वाजलं. रामाजी गुरुजी होते. ते आत आले नाहीत, गेलेही नाहीत. फाटकाला हात धरून उभे राहिले.

"गुरुजी, उभे काऊन?" गयाबाई भिंतीवरून नजर न काढता म्हणाल्या. "सतरंजी हाये."

 भिंतीवरची बाई धापा टाकत चढत होती. थोड्या वेळानं चप्पल काढल्याचा आवाज आला आणि सतरंजीचं दूरचं टोक दबलं.

अर्पिताच्या हातात रिमोट होता. अजूनही तिला तो भाग पुढे ढकलता आला असता. अंधारात कुणाला कळलंही नसतं, आणि वडिलांना तिथं बसणं आजच्यापुरतं सोपं झालं असतं. भिंतीवर बाईनं शेवटच्या पायरीवर पाय ठेवला. अर्पितानं रिमोट पर्समध्ये टाकला, चेन ओढून घेतली आणि ती गयाबाईंच्या शेजारी सरकून बसली.

वरती कावळा बसलेला होता.